ब्रुसेल्सचा तास

लिस्बनमधल्या आमच्या मार्व्हिला वस्तीच्या प्राथमिक शाळेत दोना फेलिझबेला शिपाईण होती. फाटक उघडायचं, घंटा वाजवायची, पडलेल्या पोरांचे गुडघे धुवायचे, ही तिची कामं. साठीला टेकलेली, ठेंगणी बाई. पण आवाज असा खणखणीत, की तिनं हाक मारली तर पलीकडच्या भाजीच्या वाफ्यांत वाकलेली माणसंसुद्धा कंबर सरळ करून बघत. मी तिथं नवी शिक्षिका होते. ही बाई कशाला घाबरत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

सरकारनं लिस्बनची घड्याळं तासभर पुढे करून ब्रुसेल्सशी जुळवली, त्याला तेव्हा अडीच वर्षं झाली होती. धंद्याला सोयीचं पडतं म्हणे. हिवाळ्यात नऊ वाजत आले तरी उजाडत नसे, आणि आमची सकाळची शाळा आठची. पोरं मिट्ट काळोखात घरातून निघत. वरच्या वसाहतीपासून शाळेपर्यंतचा रस्ता लांब होता. जवळची वाट वाफ्यांतून, फुटक्या भिंतीच्या भगदाडातून थेट रेल्वेचे रूळ ओलांडून यायची. कितीही बजावलं तरी पोरं तिथूनच येत.

"बाई, मला झोपेत रूळ दिसतात," एकदा कॉफी ढवळता ढवळता ती म्हणाली. "आणि रुळांवर काहीतरी पडलेलं दिसतं. काय ते बघायच्या आत मी उठून बसते."

"तुम्ही उगाच मनाला लावून घेता," मी म्हटलं.

"लावून नाही घेत. ते आपलं आपण लागतं."

त्या हिवाळ्यात तिनं पदरच्या पैशानं एक मोठी बॅटरी घेतली आणि रोज साडेसातपासून ती भगदाडाशी उभी राहू लागली. वसाहतीतले बाप्ये तिला 'काजवा' म्हणत. "काय काजवेबाई, आज ब्रुसेल्सहून काय निरोप?" असं कुणी विचारलं, की ती म्हणे, "तुला झोपेतून उठवा म्हणालेत!"

मार्च आला आणि साडेसातला उजेड पडू लागला. तिनं बॅटरी कपाटात ठेवली. पण महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दरवर्षीप्रमाणे उन्हाळ्यासाठी, घड्याळं पुन्हा तासभर पुढे गेली आणि सोमवारी सकाळी परत तोच काळोख. त्यातून नदीवरून असं दाट धुकं चढलं होतं की फाटकातून समोरचा नळही दिसेना.

आठला दहा कमी असताना माझ्या वर्गातली सगळी मुलं आली होती, फक्त झुल्मिरा नव्हती. आठ वर्षांची, शांत पोर. तिची आई इदालिना शहराच्या दुसऱ्या टोकाला कार्यालयं झाडायला पहाटेच जायची. मुलगी गजर लावून एकटी उठायची, एकटी यायची. आणि कधी उशीर करायची नाही.

"बघून येते," दोना फेलिझबेला म्हणाली. बॅटरी घेतली आणि धुक्यात शिरली.

पुढचं तिनं मला नंतर सांगितलं. आधी ती झुल्मिराच्या घरी गेली. जिन्यात दिवा नव्हता. तिनं दार ठोठावलं, नाव घेऊन हाका मारल्या, दोन्ही मुठींनी दार बडवलं. आतून चकार शब्द नाही. म्हणजे पोर निघाली होती, आणि शाळेत पोचली नव्हती.

मग ती वाफ्यांतून धावत सुटली. कोबीच्या ओळी तुडवत, दोनदा पडत ती भगदाडाशी पोचली, आणि त्याच क्षणी समोरून मालगाडी धडधडत गेली. धुक्यात डबे दिसत नव्हते, नुसता आवाज आणि अंगावर येणारा वारा. गाडी गेल्यावर तिनं बॅटरी रोखली. दोन रुळांच्या मधे काहीतरी पांढरं पडलं होतं. आमच्या मुलांचे शाळेचे अंगरखे पांढरे असतात.

"पाय उचलेनात, बाई," ती म्हणाली. "शेवटी मी खाली बसले आणि खडीवरून रांगत गेले. डोळे मिटून हात लावला. खताचं रिकामं पोतं होतं ते. मी ते छातीशी धरून तिथंच बसून राहिले. दुसरी गाडी आली असती तर कळलंही नसतं."

ती परतली तेव्हा साडेआठ झाले होते. तळवे सोललेले, ओठ पांढरे. मुख्याध्यापिका पोलिसांना फोन लावत होत्या. आम्ही कुणी कुणाकडे बघत नव्हतो.

नऊला दहा कमी असताना, चांगलं उजाडल्यावर, झुल्मिरा फाटकातून आत आली. केस नीट विंचरलेले, दप्तर पाठीला. सगळ्यांना आपल्याकडे धावताना पाहून ती रडायलाच लागली.

इदालिना स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ पुढे करायला विसरली होती.

"पण मी एवढं दार बडवलं!" दोना फेलिझबेला ओरडली.

मुलगी माझ्या मागे सरकली. "एक माणूस आला होता," ती हुंदके देत म्हणाली. "गजर व्हायच्या आधीच. माझं नाव घेत होता. आई म्हणते, काळोखात कुणालाही दार उघडायचं नाही. मी पलंगाखाली लपले. गजर झाला तरी बाहेर आले नाही, उजाडेपर्यंत."

"अगं, ती मी होते!"

"नाही. तुमचा आवाज तसा नाही."

दोना फेलिझबेला नळाशी जाऊन बराच वेळ हात धूत राहिली.

त्या आठवड्यात तिनं वसाहतीतली दारं एकेक करून वाजवली. या खेपेला भर दुपारी. सकाळची घंटा हिवाळ्यात आणि काळोख असेपर्यंत नऊची करावी, अशा अर्जावर तिनं सह्या गोळा केल्या. पहिली सही इदालिनाची. 'काजवा' म्हणणाऱ्यांनीही मुकाट्यानं सह्या केल्या. ऑक्टोबरपासून आमची घंटा नऊला होऊ लागली.

आणि पुढच्या मार्चमध्ये सरकारनं घड्याळं पुढे केलीच नाहीत. लिस्बन पुन्हा आपल्या जुन्या वेळेवर आलं. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी केक आणला. दोना फेलिझबेलानं तुकडा घेतला, पण खाल्ला नाही.

"आता तरी झोप लागेल ना?" मी विचारलं.

"रूळ दिसत नाहीत आता," ती म्हणाली. "आता दार दिसतं, बाई. मी बाहेरून बडवत असते, आणि आत ती पोर माझ्याच भीतीनं थरथरत असते."