एका सडाची कसर

शिरूरच्या गुरांच्या दवाखान्यात माझी बदली झाली तेव्हा मला वाटायचं, जनावरं तपासायची म्हणजे जनावरंच तपासायची. तोंडात बोट घातलं तरी चावणार नाही इतका भोळा होतो मी!

न्हावऱ्याच्या एका म्हातारीच्या म्हशीला दगडी झाली. म्हणजे कास सुजून दगडासारखी टणक. सायकल हाणत मी पोचलो. औषध सडातून, म्हणजे आचळातून, आत सोडायचं, पण त्याआधी कास पिळून रिकामी करायला हवी, नाहीतर सड कायमचे जायचे. आणि ती बया कुणाला हात लावू देईल तर शपथ!

"कुणालाच पान्हा सोडंना," म्हातारीचा मुलगा म्हणाला. "तिला फकस्त आमच्या मंडळींचा हात चालतो."

"मग बोलवा की त्यांना."

मुलानं आईकडे बघितलं. म्हातारी कडाडली, "गेली ती म्हायेरला, यवतला. ताकात पानी जास्ती झालं एवढंच म्हणलं व्हतं मी. जाईना का! म्हस माझी हाय, तिची न्हाई."

यावर आमच्याकडे एक जुना तोडगा आहे. घरची बाई नसली की गड्यानं तिचं लुगडं नेसून धारेला बसायचं. म्हैस फसते. मुलानं साफ हात वर केले. गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही म्हणे. माझ्या तोंडाची काळजी कुणाला? मी परगावचा! खाकी हाफपँटवरच सुनेचं लुगडं गुंडाळलं, डोक्यावरून पदर घेतला. कुंपणाबाहेर अख्खी आळी जमली. एक आप्पा म्हणाले, "डाक्तर, कुकू ऱ्हायलं की!"

म्हशीनं पदर हुंगला आणि अशी लाथ घातली की मी लुगड्यासकट शेणात. आळी नुसती लोळायची बाकी राहिली. मला असा संताप आला! लुगड्याला नाक लावलं, तर साबणाचा वास.

"मावशी, हे धुतलंत का?"

"मंग! गेली त्याच दिशी धुतलं. तिचा वास नको घरात."

"आता भोगा! तुम्हाला नको तोच वास म्हशीला हवाय. उद्यापर्यंत सूनबाई आल्या नाहीत तर कास गेली समजा. मग हिला बाजार दाखवा."

म्हातारीचा चेहरा उतरला. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत ती मुलाला म्हणाली, "जा यष्टीनं. म्हशीसाठी ये म्हणावं. माझं नाव काढलंस तर याद राख."

दुसऱ्या दिवशी गेलो तर सून धारेला बसलेली. सासूशी अबोला, बोलणं सगळं म्हशीशी. "गरज पडली तवा आठवण झाली, व्हय गं?" म्हैस कान हलवी. चुलीपुढून म्हातारी मांजराला सुनवी. पण पान्हा सुटला, कास रिकामी झाली, औषध आत गेलं. मी रोज फेरी मारू लागलो. हळूहळू म्हैस आणि मांजर मधून सुटली. एकदा गेलो तर दोघी शेंगा फोडत बसलेल्या. भांडत होत्याच, पण आता सरळ एकमेकींशी.

शेवटी कास मऊ झाली. मी मोठ्या ऐटीत जाहीर केलं, "म्हैस ठणठणीत! सूनबाई, तुम्ही आता खुशाल यवतला जा." कुणालाच आनंद झालेला दिसेना. सून वैरण टाकू लागली.

सायकलवर टांग टाकणार तोच म्हातारीनं मागून कॅरिअर धरलं. इतका बारीक आवाज तिच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता.

"डाक्तर, आजूक थोडं दिस लागत्याल म्हणून सांगा की तिला. मला न्हाई हो येत, ऱ्हा म्हणाया."

सायकल भिंतीला लावली, गोठ्यात परतलो आणि गंभीर चेहऱ्यानं ती धडधाकट कास पुन्हा दाबून पाहिली.

"छे! एका सडात अजून कसर आहे. धार तुम्हालाच काढावी लागणार."

चारी सडांची धार सकाळी तिनंच काढली होती. तिला का ठाऊक नव्हतं? तिनं तोंडाला पदर लावला, दाराआडून डोकावणाऱ्या सासूकडे बघितलं आणि म्हणाली, "व्हय डाक्तर, मलाबी तसंच वाटत व्हतं."