दादाचं तोंड

माझा भाऊ मला ‘आपण’ म्हणत गेला, आणि त्याचा राग दीड महिना झाला तरी माझ्या मनातून जात नाही. त्या संध्याकाळी मी दवाखान्यात पेज घेऊन गेले होते. उठून बसायची ताकद नाही, धाप लागलेली, तरी मला बघून म्हणतो, “या. आपण कशाला तसदी घेतलीत? शालू घरी एकटी असेल.” मी म्हटलं, “दादा, पुरे कर आता हे नाटक. मी कुसू आहे, तुझी बहीण.” त्यानं मान हलवली. “आपण म्हणाल तसं.” मी डबा स्टुलावर असा आपटला की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा जागा झाला... तीच आमची शेवटची भेट. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत जायला निघाले, तर दादाच्या टॉकीजमध्ये दारावर तिकिटं फाडणारा बाबूलाल फाटकाशी सायकल धरून उभा होता. टोपी काढून हातात घेतली होती, त्यावरूनच कळलं.

हे वाचून कुणाला वाटेल, काय अदबीचा गृहस्थ होता. म्हणून आधीच सांगून टाकते. उज्जैनला फ्रीगंजात टावर चौकाजवळच्या टॉकीजमध्ये दादा वीस-बावीस वर्षं सिनेमाचं मशीन चालवत होता, आणि शिवीशिवाय त्याचं एक वाक्य पुरं होत नसे. रागानं देत असता तर मी समजून घेतलं असतं. हा आनंदानं द्यायचा. चहा चांगला जमला तर चहाला, सायकलची चेन उतरली तर चेनीला, जुना दोस्त दिसला तर रस्त्याच्या पलीकडून ओरडून. आमचे वडील सुभ्याच्या, म्हणजे संस्थानच्या जिल्हाधिकाऱ्याच्या, कचेरीत कारकून. घराणं शिंद्यांच्या दप्तराबरोबर इकडे आलेलं. वडिलांच्या तोंडून ‘मूर्खा’च्या पुढे शब्द गेलेला मी ऐकला नाही. त्यांच्या पोटी हा. ते म्हणायचे, याला शाळेत घातला मराठी-इंग्रजी शिकायला आणि हा माळव्यातल्या सगळ्या गल्ल्या तोंडपाठ करून आला. लग्नही झालं नाही त्याचं. बघायला आलेल्या मंडळींसमोर सुपारी फुटेना, तेव्हा त्यानं सुपारीला जे म्हटलं ते ऐकून मंडळी चहा न पिता उठून गेली.

स्वातंत्र्य आलं तेव्हा शालू माझ्या पोटात होती आणि मी माहेरी आले होते. देवास गेटला झेंडावंदन होतं. मी हट्टानं टांगा करून गेले. दादाला यंत्रातलं कळतं म्हणून लाउडस्पीकर बसवायचं काम त्याच्याकडे दिलेलं. सगळे स्तब्ध उभे, प्रमुख पाहुणे खादीची टोपी सारखी करताहेत, मुली वंदनगीतासाठी रांगेत... आणि कुणाचा तरी पाय वायरीत अडकला. दादाचं तोंड माइकपाशी होतं आणि माइक चालू होता. जे ऐकू आलं त्यातलं छापण्याजोगं एवढंच की ‘कोणत्या हरामखोरानं वायर ओढली’. पुढच्या शब्दांवर मी फुल्या मारते. स्वतंत्र भारतात देवास गेटावर लोकांनी ऐकलेलं पहिलं जाहीर वाक्य माझ्या भावाचं होतं. लोक हसले, पाहुणेसुद्धा हसले. वडील तेवढे मान खाली घालून घरी चालत आले आणि दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

हल्ली वर्तमानपत्रांत पत्रं येतात, सिनेमानं लोकांची भाषा बिघडली म्हणून. वाचून मला हसावं की चिडावं कळत नाही. अहो, उज्जैनच्या सिनेमात एकही शिवी नव्हती. होत्या त्या सगळ्या ऑपरेटरच्या होत्या. पडद्यावर जमीनदार म्हाताऱ्याला लाथ मारून बाहेर काढतोय आणि नायक मूठ आवळून म्हणतो, ‘नीच, पापी’. एवढं झालं की दादाचं डोकं सणकायचं. मशीनच्या खोलीला जो चौकोनी झरोका असतो त्याला तोंड लावून, नायकानं जे म्हणायला हवं होतं ते हा म्हणायचा. पुढच्या बाकांवरची पब्लिक त्याचीच वाट बघत असे. मालकानं ताकीद देऊन पाहिली. पण दादा रजेवर असला की लोक म्हणायचे, आज मजा नाही, उद्या बघू, तेव्हा मालकही गप्प झाला. मी भांडले तर म्हणे, “तू बेकार गुस्सा करतेस, कुसे. घर जळतंय आणि हा साला श्लोक म्हणतोय. माणूस असं बोलतो का कधी?” मी म्हटलं, मी बोलते, मी कधी शिवी देत नाही. “आणि मला दिवसातून शंभरदा मेल्या म्हणतेस ते?” ती काही शिवी नाही, ते बायकांचं बोलणं आहे, असं मी त्याला ठणकावून सांगितलं होतं. आता तो शब्द माझ्या तोंडातून निघत नाही.

शालू सव्वा वर्षाची असताना माझे यजमान विषमज्वरानं गेले. तेराव्यानंतर दादा मला न्यायला आला. ओसरीवर सासूबाई बसल्या होत्या, चार बायका होत्या, आणि त्या मोठ्यानं, दादाकडे बघून म्हणाल्या, “घेऊन जा तुमची रांड. पांढऱ्या पायाची.” मी दादाकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याच्या तोंडाची गरज होती. ज्यानं सुपारीला सोडलं नाही, झेंडावंदनाला सोडलं नाही, तो त्या बाईला काय म्हणेल... काही नाही म्हणाला. खाली वाकला, माझी ट्रंक उचलली आणि चालायला लागला. गाडीत बसल्यावर मी त्याला विचारलं, आज का तोंड शिवलं तुझं? तो खिडकीबाहेर बघत राहिला. ते मी त्याला माफ केलं नव्हतं. पुढे वर्षानुवर्षं तो भाजीवाल्याला किंवा टांगेवाल्याला शिवी देई, आणि मला आठवे की जिथे द्यायची होती तिथे दिली नाही.

वडील त्याच साली गेले. घरात तो, मी आणि शालू. मी ट्रेनिंग केलं, मुलींच्या शाळेत लागले. नोकरी तात्पुरती. शालूची काळजी मला फार. बाप नाही, आई विधवा, मामा थिएटरात, तेव्हा मुलीनं एक शब्द वाकडा काढला तरी लोक काय म्हणणार ते मला पाठ होतं. म्हणून घरात रोज भांडण. शालू पहिलीत असताना हा एकदा आठ दिवस घरी बसला. “मशीन बिघडून गेली,” म्हणाला. शेजारणीनं मला खरं सांगितलं की दादानं चालू खेळात खाली येऊन एका माणसानं शिवी दिली म्हणून त्याला मारलं, आणि मालकानं घरी बसवलं. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, वा, जन्मभर शिव्या वाटणारा शिवीवरून मारामारी करतो. तो विड्या ओढत अंगणात बसून राहिला.

मग मध्य भारताचा मध्य प्रदेश झाला, कागद सगळे भोपाळला गेले, आणि आमच्या शाळेत भोपाळहून निरीक्षकबाई यायच्या ठरल्या. त्यांच्या शेऱ्यावर माझी नोकरी कायम व्हायची होती. मी पंधरा दिवस झोपले नाही. तपासणी चांगली चालली होती. बाई माझ्या चौथीच्या वर्गात आल्या, मुली उभ्या राहिल्या, आणि शालूची पाटी हातातून सुटून फुटली. माझ्या मुलीनं त्या पाटीला मामाची शिवी दिली. स्वच्छ उच्चारात, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशी. बाईंनी विचारलं, “किसकी लड़की है?” मुख्याध्यापिकाबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, माझी, गल्लीतल्या मुलांकडून शिकली असेल... खोटं बोलले. नोकरी कायम झाली, पण शेरा येईपर्यंतचे दोन महिने मी कसे काढले ते मला माहीत. त्या संध्याकाळी मी दादाला चपला काढू दिल्या नाहीत. म्हटलं, या घरात एक तर तुझं तोंड राहील नाही तर आम्ही दोघी. तो दारातच उभा होता. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “ठीक आहे. आपण म्हणाल तसं.”

तेव्हापासून दोन वर्षं ‘आपण’. शिवी नाही आणि बोलणंही नाही. “आपण जेवून घ्या.” “आपल्याला उशीर होईल.” चटका बसला तर ओठ मिटून घेई. मला वाटलं, आठ दिवसांत विसरेल. विसरला नाही. मी चिडवून पाहिलं, मुद्दाम भाजी खारट केली, त्यानं मुकाट खाल्ली आणि “छान आहे” म्हणाला. दुसऱ्या एखाद्या घरात असा भाऊ मिळाला म्हणून लोकांनी साखर वाटली असती. मला ते घर खायला उठायचं. मी जिंकले होते आणि माझ्याशी बोलायला घरात कुणी उरलं नव्हतं. मी एकदाच म्हणायला हवं होतं की बोल बाबा तुला बोलायचं तसं. नाही म्हटलं. मीही त्याचीच बहीण.

गेल्या रविवारी दुपारी बाबूलाल दादाचं सामान घेऊन आला. एक कोट, चष्म्याचं घर, जेवणाचा डबा. मी चहा दिला. तो बसला, पण उठेना. मग म्हणाला, “बहनजी, बुरा मत मानना, एक बात कहनी थी. वो आठ दिन की छुट्टी वाली.” मी म्हटलं, माहीत आहे, शिवीवरून मारलं होतं. “हाँ, पर कौन-सी गाली पे, वो आपको नहीं मालूम.” सिनेमात एक विधवा होती. पुढच्या बाकावरचा एक जण तिला बघून ओरडला, सासूबाई मला म्हणाल्या तोच शब्द. दादानं मशीन बंद केलं, हॉलचे दिवे लावले, जिना उतरून खाली आला आणि एक शब्द न बोलता त्या माणसाला कॉलर धरून मारत बाहेर काढलं. मग वर जाऊन पुन्हा खेळ सुरू केला. बाबूलाल म्हणाला, “हमको भी मना था. मशीन-रूम में सब चलता था, बस ये नहीं. जिस दिन आपको लेके आए न, उसी दिन से बंद.”

मी बाबूलाल गेल्यावर किती तरी वेळ आठवत बसले. लग्नाआधी तो शब्द दादाच्या तोंडी उठता-बसता असायचा. ‘रांडेच्या’ म्हटल्याशिवाय त्याला शिंक येत नसे. आणि मी परत आल्यापासूनच्या दहा-अकरा वर्षांत, एवढ्या हजारो शिव्यांत, एकदाही... खरंच एकदाही नाही. मी रोज त्याच्या शिव्या मोजत होते, आणि नसलेली मला ऐकू आली नाही. ओसरीवर तो का गप्प बसला तेही कळलं, त्या बाईला उत्तर देताना त्याच्या सवयीच्या तोंडून पहिला तोच शब्द गेला असता. पण मग सांगायला काय झालं होतं याला? एवढं मोठं तोंड, आणि एवढी एक गोष्ट मला सांगता आली नाही? मी दोन वर्षं त्याच्यावर धुसफुसत राहिले आणि याला ‘आपण म्हणाल तसं’शिवाय काही सुचलं नाही. मला त्याचा संताप येतो. माझाही येतो.

संध्याकाळी भेंडी चिरता चिरता मी हे शालूला सांगितलं. अकरा पुरी झालीत, कळतं आता तिला. ती म्हणाली, “मला माहीत आहे.” तुला कुणी सांगितलं? “मामानं. त्यानं मला सगळ्या शिकवल्यात न, ती एक सोडून.” कधी, म्हटलं. तर रविवारी सकाळी सायकलवर पुढे बसवून रामघाटाला न्यायचा तेव्हा. मला सांगून जायचा की नदीवर पाढे घेतो. आणि कधीपर्यंत? आजारी पडेपर्यंत. म्हणजे घरात माझ्यासमोर ओठ शिवून ‘आपण, आपण’ करत होता, आणि नदीवर माझ्या पोरीला... मी विळी बाजूला सारली. शालू सांगत होती, “मामा म्हणायचा, तुला बाप नाही, मी किती दिवस पुरणार, कुणी काही बोललं तर तुझ्याकडे उत्तर पाहिजे. फक्त ती एक कुणाला द्यायची नाही, दुश्मनाला पण नाही. ती आईला लागते.”

मला राग आला आणि रागातच रडू आलं. शालू घाबरली. म्हणाली, “आई, मी शाळेत नाही देत आता. शपथ.” मी पदरानं डोळे पुसले आणि म्हटलं, “दार लाव.” तिला वाटलं आता मार बसणार. दार लावून आली, तर म्हटलं, “म्हण.” काय? “मामानं शिकवल्या त्या. सगळ्या.” तिनं एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं, पाटावर नीट मांडी घातली, आणि पाढे म्हणावेत तशी पहिलीपासून सुरुवात केली. काही मला माहीत होत्या, काही आयुष्यात ऐकल्या नव्हत्या. तिला मी एकदाही थांबवलं नाही. “झाल्या,” म्हणाली शेवटी. ती एक त्यात नव्हती.