नऊ वर्षांची सही

आमच्या ताईच्या हातात कात्री पडायला सहा वर्षं लागली. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या आमच्या कारखान्यात ती सोळाव्या वर्षी आली, ती चिंध्या गोळा करायला. जुने कटिंग मास्तर म्हणायचे, बायकांनी शिवावं, कापू नये. ताई घरी रद्दीचे कागद कापून कापून शिकली. मग मास्तर एकदा तापाने पडले, आणि ताईने एका ताग्यातून त्यांच्यापेक्षा तीन शर्ट जास्त काढले. मालकाने तीनदा मोजले. तेव्हापासून कटिंगचं टेबल तिचं.

मी तिची धाकटी बहीण. तिथेच काजं-बटणं करते, आणि माझं तोंड माझ्या मशीनपेक्षा जोरात चालतं असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे.

ताईची मुलगी म्हणजे दशांश. नऊ वर्षांची असताना मालकाच्या बिलातलं दशांशचिन्ह चुकलंय असं तिने त्याच्या तोंडावर सांगितलं, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. यंदा तिला गणिताच्या पदवीला चांगल्या कॉलेजात जागा मिळाली. फी ऐकून माझे तर डोळेच पांढरे झाले. कर्जाला दोन जामीनदार हवेत. एक ताई, दुसरा आमचा दादा, असं ठरलेलं. अर्ज द्यायची शेवटची तारीख आली, बँकेची खिडकी पाचला बंद होणार, दशांश अर्ज घेऊन आमच्याजवळ येऊन बसलेली, आणि दादा जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात हजर. सही करायला नव्हे हो. तक्ता घेऊन!

कटिंगच्या टेबलावर त्याने तो पसरला. एकीकडे कर्ज, व्याज. दुसरीकडे गणितवाल्यांना मिळणारा पगार.

"चौदा वर्षं फेडत बसेल ही," दादा म्हणाला. "संगणकाची पदवी घेतली तर पाच. ताई, अंथरूण पाहून पाय पसरावेत."

"अंथरूण अपुरं पडलं तर जोड लावतात," ताई म्हणाली. "पाय कापत नाहीत."

मी खुदकन हसले. दादाने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच कर्ज मागितलंय.

ताई तक्त्यावर वाकली. बोट एकेका आकड्यावरून फिरवत गेली आणि थांबली. "हा पगार पहिल्या वर्षीचा ना? मग चौदाव्या वर्षीही तोच कसा?"

"सोयीसाठी धरलाय."

"कुणाच्या सोयीसाठी?" तिने ढिगातला एक लहान मुलीचा स्कर्ट ओढला आणि उलटा केला. खालच्या दुमडीत चार बोटं कापड होतं. "ही माया. मूल वाढतं, म्हणून आत सोडून ठेवतो. वर्षाने दुमड उसवायची, स्कर्ट लांब. तू आज माप घेतलंस आणि काठोकाठ कापलंस. असं कापणाऱ्याला आमच्याकडे दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाहीत."

दादाचे कान लाल झाले. दशांशने तोवर तक्ता आपल्याकडे ओढलाच होता. टेबलावरचा खडू घेऊन तिने कापडाच्या उरलेल्या तुकड्यावर भराभर आकडे मांडले. आम्ही तिघं बघत राहिलो. माझा घास हातातच.

"नऊ," ती म्हणाली. "दरवर्षी थोडा पगार वाढला तर नऊ वर्षं."

"बघ!" मी ओरडले.

"पण मावशी, पगारवाढ संगणकवाल्यांनाही मिळेल. त्यांचं चारात फिटेल. मामांचं खरं आहे, गणितात तोटा आहे." तिने खडू खाली ठेवला. "तरी मला गणितच करायचंय. बाकी काही केलं तर मी रोज रडेन, आणि ते कुठल्या रकान्यात लिहायचं मला माहीत नाही."

दादाने पेनला टोपण लावलं. "मग माझी सही नाही. नऊ वर्षं माझ्या डोक्यावर टांगती तलवार नको. पोरीच्या भल्यासाठीच सांगतोय."

ताई नजर वर न करता खडूची भुकटी झटकत राहिली. जन्मात तिने कुणापुढे हात पसरला नाही, आताही पसरला नसता. पण मला राहवेना. ती दहावीला वर्गात गणितात पहिली होती. तिने शाळा सोडली, चिंध्या वेचल्या, त्या पगारातून दादाची फी भरली. तेव्हा दादावर किती खर्च आणि पदरात काय पडणार, असा तक्ता कुणी मांडला होता? मी डबा बाजूला सारला.

"दादा, पेन दे."

"तुझा पगार केवढा, तू बोलतेस केवढी!"

"पगाराची चिठ्ठी मिळते ना मला? बँकेला तेवढंच लागतं. दे म्हणते ना!"

त्याने दिलं. मी अर्जावर सही केली. अक्षर जरा वाकडं आलं. ताईने कागद हातात घेतला, माझ्या सहीकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "जेव आता, भोंगा होईल."

दशांश मात्र जागची हलेना. ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत होती.

"मावशी, शिक्षणाची तीन आणि फेडायची नऊ. तू आत्ता अठ्ठेचाळीसची. कर्ज फिटेपर्यंत साठीला टेकशील."

"हिशेब बरोबर आहे," मी म्हटलं. "आता पळ, खिडकी पाचला बंद होते."