शिळ्याची वाटणी

लढाईच्या वर्षांत आमच्या घरचे दोघेही कर्ते भाऊ पलटणीत होते. घरी सासू-सासरे, मी, माझी थोरली जाऊ आणि तिची दोन लहान मुलं. मिरजेपासून दोन कोसांवर आमचं गाव. घरचा ऊस होता, गडीमाणसं होती, आल्यागेल्याचा राबता होता, त्यामुळे स्वयंपाक नेहमी चार माणसांचा वाढीव व्हायचा. पंगतीत कमी पडलं तर घराची अब्रू जाते, असं आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं म्हणणं.

माझं माहेर कवठे महांकाळकडचं. तिथल्या कोरड्या रानात ताजंच पुरत नसे, तिथं शिळं कुठून उरणार? उरलेलं राखायचं कसं हे मी सासरी शिकले, आणि शिकवलं ते थोरल्या जावेनं. तिला मी अक्का म्हणायची.

अक्का काही म्हणता काही टाकत नसे. भाकरीचे तुकडे उन्हात खडखडीत वाळवून डब्यात भरायची आणि चार-आठ दिवसांनी आमटीत शिजवायची. भात पाण्यात घालून ठेवायची, सकाळी ते पाणी काढून ताक-मीठ लावायची. ताक फार आंबलं तर त्याची कढी. उरलेली डाळ थालीपिठाच्या पिठात. साखर रेशनवर, म्हणून चहा गुळाचा आणि बिनदुधाचा. तोही भांड्याच्या तळाला राहिला तर तिसऱ्या प्रहरी पुन्हा उकळायचा. उन्हाळ्यात दुधाची चरवी कासऱ्याला बांधून विहिरीत पाण्यालगत सोडायची. ती खालीवर करून माझे तळहात सोलवटले होते.

हे सगळं ऐकायला बरं वाटतं. पण ते खायचं कुणी, हेही ठरलेलं होतं. मामंजींना ताजं, मुलांना ताजं, गड्यांना ताजं. आत्याबाईंना दात नव्हते, त्यांना मऊ लागायचं. राहिलो आम्ही दोघी. आम्ही शिळं खायचो म्हणून आमच्या वाटचं ताजं उरायचं, आणि दुसऱ्या दिवशी तेच शिळं होऊन आमच्यापुढं यायचं. तीन वर्षांत मी तव्यावरची गरम भाकरी किती वेळा खाल्ली असेल, ते बोटांवर मोजता येईल.

एका वैशाखात आदल्या दिवशीचं पिठलं वाडगाभर उरलं होतं. झाकण काढलं तसा मला वास आला. मी म्हटलं, म्हशीला घालू या. अक्कानं वाडगा आपल्याकडं ओढला. ताकात कालवलं की वास जातो, म्हणाली. मला तिनं त्यातलं घेऊ दिलं नाही. तुझं वय लहान आहे, एवढंच कारण तिनं सांगितलं.

दुपारपासून तिला उलट्या-जुलाब सुरू झाले. ऊन उतरायच्या आत तिचे हातपाय गार पडले. मामंजींनी स्वतः गाडी जुंपली आणि आम्ही तिला मिरजेच्या दवाखान्यात नेलं. तिथं आठ दिवस मी तिच्या खाटेशेजारी होते.

उलटी थांबावी म्हणून तिथली आया वाटीत बर्फाचे खडे आणून द्यायची. अक्कानं बर्फ पहिल्यांदाच तोंडात धरला होता. बोलण्याइतकी ताकद आल्यावर तिनं आयाला विचारलं, हा कुठून आणता? आयानं सांगितलं, कारखान्यातून येतो; मोठ्या शहरांत दूध, मासे, सगळं बर्फात ठेवतात, दिवस दिवस नासत नाही.

अक्का मला म्हणाली, "तितल्या बायका बऱ्या म्हणायच्या. नासायच्या आत गिळायची घाई न्हाई त्यास्नी."

मला तेव्हा रडू आलं नाही, फक्त फार दमल्यासारखं झालं. दुपारी पाहते तर तिच्या उशाखाली पावाचे तुकडे. दवाखान्यातून मिळालेला पाव अर्धा खाऊन अर्धा ती वाळवत होती.

तिला घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात मी एकटी होते. कालच्या सहा भाकऱ्या उरल्या होत्या. मी त्या कुस्करल्या, कांदा-मिरचीची फोडणी दिली आणि सगळ्यांच्या ताटात मूठ मूठ वाढली. मामंजींच्याही.

मामंजींनी दोन घास खाल्ले आणि विचारलं, "ह्ये कालचं हाय व्हय?"

मी म्हटलं, "व्हय. रोजच उरतंय. अक्का न् मी खात व्हतो. आज समद्यास्नी वाटून घातलंय."

आत्याबाई तिथंच बसल्या होत्या. घरच्या धन्याला शिळं वाढायची रीत माझ्या माहेरची असेल, असं त्या पुटपुटल्या. मामंजींनी ताट रिकामं करून हात धुतला आणि उठता उठता आत्याबाईंना म्हणाले, "उद्यापास्नं पीठ मापून काडत जावा."

आत्याबाई महिनाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत, पण पीठ मापून काढू लागल्या. पाहुणा अवचित आलाच तर त्याच्यासाठी चूल पुन्हा पेटवायची, हे काम माझ्याकडं आलं. उरायचं कमी झालं, आणि जे उरेल ते सगळ्यांच्या ताटात पडू लागलं. मुलांना तर फोडणीची भाकरी ताज्यापेक्षा आवडायची.

अक्काचं पोट मात्र पहिल्यासारखं झालं नाही. लढाई संपून दोघे भाऊ परत आले, तरी तिला तिखट सोसत नसे. दोन्ही वेळा तिला तव्यावरची मऊ भाकरी दुधात कुस्करून लागायची. ती खाताना तिला उगीचच अपराध्यासारखं वाटायचं आणि ती माझ्याकडं न बघता जेवायची. तिची भाकरी मी वेगळी थापत असे, सगळ्यांचं आटोपल्यावर, विझत आलेल्या चुलीत पुन्हा काटक्या सारून. त्याचा मला कधी राग आला नाही. मी दमायची मात्र फार.