जमिनीवर बसणारी डॉक्टर

मी भोचक आहे, हे आधीच सांगून टाकते. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसले. मी निवृत्त झाले म्हणून कान थोडेच निवृत्त होतात? त्यामुळे आमच्या इमारतीत तळमजल्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या जागी जनावरांचा दवाखाना येणार असं कळलं, तेव्हा रंगाचा दुसरा हात सुकायच्या आत मी तीनदा खाली जाऊन आले होते.

डॉक्टर चाळिशीची, उंच, भराभर बोलणारी. पहिल्या महिन्यात तिच्याकडे तीन पेशंट आले: एक कासव, एक कोंबडी आणि आमची मांजर. मांजरीला काहीही झालेलं नव्हतं. मला आत काय चालतं ते बघायचं होतं.

मी मांजर टेबलावर ठेवायला गेले तर डॉक्टर म्हणाली, "मावशी, तिला खाली सोडा. आणि पाच मिनिटं काही बोलू नका." मग ती स्वतः फरशीवर मांडी घालून तिरकी बसली, मांजरीकडे न बघता. मी आपलं "ये गं बये, घाबरू नको, इकडे बघ" सुरू केलं, तर मला दटावलं.

"तुम्ही तिच्यावर वाकलाय, डोळ्यांत बघताय, वर प्रश्न विचारताय. तुमच्याशी कोणी असं वागलं तर तुम्ही बोलाल का?"

मी म्हटलं, मी बोलेन. ती हसली नाही. पण माझ्याही मांडीवर न येणारी आमची बया थोड्या वेळाने तिच्या गुडघ्याला डोकं घासून गेली. खरं सांगायचं तर मला रागच आला.

या पाच मिनिटांवर तिचा दवाखाना उभा राहिला. आधी लोक कंटाळायचे, नुसतं बघत बसणारी डॉक्टर म्हणून नावं ठेवायचे. पण कुठला कान पडलाय, कुठलं पाऊल उशिरा टेकतंय, हे तिला हात न लावता कळायचं. वर्षभरात एका बाकड्याची तीन बाकडी झाली.

तिचा नवरा मोटारींचा मेकॅनिक. "ही चार पायांची दुरुस्ती करते, मी चार चाकांची," असं येईल त्याला सांगायचा. एका सकाळी गॅरेजमध्येच त्याला अर्धांगाचा झटका आला. पाय हळूहळू सुधारला, हात थोडाफार, पण वाचा गेली ती गेलीच. त्याला किती समजतंय, हे मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनाही सांगता येईना. घरी एकटं ठेवायची सोय नाही, म्हणून ती त्याला रोज दवाखान्यात आणून औषधांच्या कपाटाशेजारी खुर्चीत बसवू लागली.

असे सहा महिने गेले. मग परगावच्या दिराने कळवलं, की या तीस तारखेला येतो आणि दादाला घेऊन जातो. वहिनींनीही दवाखाना बंद करून तिकडेच यावं. दादाला कुठे काय कळतंय, मग इथे काय आणि तिथे काय?

"त्यांना कळतं, मावशी," ती मला म्हणाली. "पण दाखवू काय? एक शब्द बोलले असते तरी मी भावजींना नाही म्हटलं असतं."

रोज दुपारी एक वाजता ती शटर अर्धं खाली ओढायची आणि आतून तिचा सारखा आवाज यायचा. मी किती दिवस दम धरणार? एकदा वयाला न शोभेल इतकी वाकून मी आत बघितलं. ती नवऱ्यासमोर उभी होती, हातात चित्रांचे पत्ते. "अहो, हे काय? पाणी. म्हणा, पाणी. भूक लागली? दुखतंय का? माझ्याकडे बघा ना." त्याने तोंड भिंतीकडे वळवलं होतं.

माझ्या जिभेला हाड नाही. मी तिथूनच म्हटलं, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मांजरीवर वाकले म्हणून मला दटावलंस. आता तू काय करतेयस?"

"मावशी, ते माणूस आहेत."

"म्हणूनच म्हणते."

तिने शटर पार खाली ओढलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि मला घास गोड लागला नाही.

तिसऱ्या दिवशी एक वाजता खालून आवाजच आला नाही. मी खाली जाऊन पुन्हा वाकले. ती त्याच्या खुर्चीशी फरशीवर तिरकी बसून पट्ट्या गुंडाळत होती. तो तिच्या हातांकडे बघत होता. दोन आठवडे हे असंच चाललं. शब्द मात्र एक नाही.

तीस तारीख आली. दीर बॅग पायाशी ठेवून, घड्याळ बघत बाकड्यावर बसला. मीही होते, निमित्ताला मांजर घेऊन. तेवढ्यात एक रिक्षावाला लंगडणारा तपकिरी कुत्रा दोरीने चालवत घेऊन आला. "उजवा पुढचा पाय बघा, फाटकात अडकला होता," म्हणाला. त्या दिवशी डॉक्टर आपली पाच मिनिटं विसरली. कुत्रा सरळ टेबलावर घेतला आणि पुढचा पंजा हातात धरला. एकेक बोट दाबलं, तरी कुत्रा गप्प. तिने पुन्हा पहिल्यापासून दाबायला सुरुवात केली.

"वहिनी, आटपा. चारची बस आहे," दीर म्हणाला.

"मागचा."

मला वाटलं रिक्षावाला बोलला. रिक्षावाला माझ्याकडे बघत होता. कपाटाशेजारून पुन्हा आवाज आला, घोगरा, गॅरेजमधल्या पोरांवर खेकसावं तसा. "मागचा."

मी तोंड उघडलं, तर डॉक्टरने हात वर करून मला थांबवलं. नवऱ्याकडे वळूनही बघितलं नाही. कुत्रा खाली उतरवला, दारापर्यंत चालवला, मग मागच्या उजव्या पायावरून बोटं फिरवली. गुडघ्याशी येताच तो कळवळला.

"मागचाच आहे," ती म्हणाली. डोळ्यांना धारा लागल्या होत्या, हात मात्र गुडघाच तपासत होते.

दिराने घड्याळ बघणं सोडलं. मग उठला, भावाच्या खांद्यावर हात ठेवला, काही विचारलं नाही, आणि चारच्या बसने एकटाच गेला.

संध्याकाळी मी तिला विचारलं, तेव्हा काय वाटलं गं?

"आधी स्वतःचाच राग आला," ती म्हणाली. "सहा महिने मी त्यांना पाणी म्हणायला लावत होते, मावशी. त्यांना पाणी नको होतं. काम हवं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले, तर खुर्ची कपाटाजवळ नव्हती. ती दारासमोर ठेवली होती, आत येणारं जनावर चालताना नीट दिसेल अशी.