भिंतीला भोक पाडायचं नाही

बाबांनी नोकरीत किती शत्रू पाहिले मला ठाऊक नाही, पण त्यांचा जन्माचा वैरी एकच होता. खिळा.

मिसरूड फुटताना ते सैन्यात गेले आणि टक्कल पडल्यावर कर्नल होऊन बाहेर आले. मधली सगळी वर्षं आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये काढली. कुठेही जा, पळसाला पानं तीनच, तशा क्वार्टरच्या भिंती पांढऱ्याच. बदली झाली की एक कारकून यायचा आणि भिंतींवरून तळहात फिरवत घर तपासायचा. बाकीची बिऱ्हाडं आदल्या दिवशी भोकांत टूथपेस्ट भरून वेळ मारून न्यायची. बाबांना ती सरळसरळ फितुरी वाटे. "घर जसं घेतलं तसं द्यायचं," ते म्हणत. आमच्याकडे काहीच सापडायचं नाही, त्यामुळे कारकून बिचारा खट्टू होऊन चहा पिऊन जायचा.

याचा भुर्दंड पडला आईला. लग्नाआधी तिने भरतकामात दोन हंस काढले होते, त्यांना चौकट करून घेतली होती, आणि ते बैठकीच्या खोलीत टांगावेत एवढंच तिचं संसाराकडे मागणं होतं. हंस प्रत्येक गावी काळ्या ट्रंकेवर भिंतीला टेकून बसले. पाहुणे विचारत, "लावायचं राहिलंय वाटतं?" आई म्हणायची, "हो, नुकतेच आलोय ना." तेव्हा आम्हाला त्या गावात येऊन वर्ष उलटलेलं असायचं.

माझ्या बाबतीत मात्र हा माणूस मेणाहून मऊ होता, फक्त ते मेणही कडक इस्त्रीचं. सकाळी माझी वेणी तेच घालत, आणि इतकी घट्ट की दिवसभर माझ्या भुवया वर ओढलेल्या राहत. शाळेतल्या बाईंना वाटायचं, हिला सगळ्याचंच नवल. मला ताप आला की रजा टाकून उशाशी बसत आणि आईला खबर देत, "सध्या परिस्थिती शांत आहे." पालकसभेला गणवेशात जात. बाई आधी उठून उभ्या राहत आणि मग माझ्या गणिताबद्दल चांगलंच बोलत.

पण सामान बांधताना दयामाया नाही. लागत नाही ते टाका, असा हुकूम. एका बदलीत माझा पिवळा रेनकोट गेला. तो मला आखूड झाला होता, पण मी भोकाड पसरलं.

"सैनिक रडत नाही," बाबा म्हणाले.

"मी सैनिक नाही. मी पहिलीत आहे," मी म्हणाले.

रेनकोट तरीही गेला.

निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःचं घर बांधलं. आईने पडद्यांच्या आधी हातोडी आणली. मी तेव्हा कॉलेजात होते आणि सुट्टीवर आले होते, म्हणून पुढचं युद्ध डोळ्यांनी पाहिलं. बाबा भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"अहो, हे घर आपलं आहे. आता कुठला कारकून यायचाय?"

"घर द्यायचंय."

"कोणाला?"

"हिला," बाबा माझ्याकडे बोट करून म्हणाले. "जसं बांधलं तसं."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आईने हातोडी लाटण्याच्या खणात टाकली आणि हंस पुन्हा ट्रंकेवर बसले. सुट्टी संपल्यावर मी हॉस्टेलला गेले, मग नोकरीला, मग संसाराला.

बाबांचं हृदय थकलं आणि डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं, जवळ बस म्हणतील. ते इस्त्रीचा शर्ट घालून, काठी घेऊन तयार होते. मला घराचा चार्ज द्यायचा होता. कुठला नळ गळतो, कुठलं बटण दोनदा दाबावं लागतं, सगळं दाखवलं. आई मटार सोलत मागून चालत होती. शेवटी झोपायच्या खोलीत आलो आणि बाबांनी कायम उघडं असणारं दार आतून लोटलं.

दारामागे भिंतीत एक खिळा होता. खिळ्याला माझा पिवळा रेनकोट.

"एक भोक आहे," बाबा समोर बघत म्हणाले. "तू हॉस्टेलला गेलीस त्या आठवड्यात मी पाडलं. चूक माझी."

आई मागून बोलली.

"मला वाटलं, मरेपर्यंत कबूल करणार नाहीत. इतकी वर्षं धूळ कोण झटकतं वाटलं तुम्हाला?"

कर्नलसाहेबांनी मान खाली घातली. ती मी पहिल्यांदाच खाली गेलेली पाहिली.

महिन्याभरात ते गेले. नातेवाइकांनी त्यांचा भला मोठा फोटो करून आणला. मी खणातली हातोडी काढून आईच्या हातात दिली.

"आई, घर आता माझ्या ताब्यात आहे. हवं तिथे ठोक. आधी हंस लाव."

आईने बैठकीच्या भिंतीवरून तळहात फिरवला, अगदी त्या कारकुनासारखा. मग हातोडी ठेवून दिली, झोपायच्या खोलीत गेली, आणि फोटो दारामागच्या खिळ्याला अडकवला. आता कोणाला बाबांना नमस्कार करायचा तर आत जाऊन दार लावून घ्यावं लागतं. नातेवाईक अजून कुरकुरतात.

"रेनकोट काढू का?" मी विचारलं.

"राहू दे. खिळा त्याच्यासाठी ठोकलाय. हे मागून आले."

"आणि हंस?"

"त्यांना आता टेकून बसायचीच सवय झालीय."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आमच्याकडे ती मेल्यावर आईकडे गेली. मी बाहेर येऊन ट्रंकेवर हंसांच्या शेजारी बसले आणि पोटभर रडले. मी सैनिक नाही.