ज्ञानू मार्करची काठी

रंगूबाईच्या माहेराला एक काठी चिकटली होती. गुरं हाकायची नव्हे. छातीइतकी उंच, टोकाला निमुळती, बुडाला अंगठ्याहून जाड, आणि दोन खुंट्यांवर धोतराच्या खोळीत आडवी निजलेली. तिचा बाप ज्ञानू महाबळेश्वरच्या एका छोट्या क्लबात मार्कर होता. साहेब लोक हिरव्या टेबलावर काठीनं गोळे ढोसायचे आणि हा उभ्यानं त्यांचे गुण मांडायचा. सेहेचाळीस साली क्लबातली एक काठी हरवली, ज्ञानूची नोकरी गेली, आणि तो कडेगावकडच्या आपल्या गावी उतरला तो हातात काठी घेऊनच. गावाला आणखी काय हवं होतं?

ज्ञानू दर खंडेनवमीला विळा, कुऱ्हाड आणि नांगराच्या फाळाशेजारी ती काठी मांडायचा. बुडाच्या वर, ठरलेल्या एकाच जागी हळदकुंकू लावायचा. येणारेजाणारे म्हणायचे, चोरीच्या मालाची पूजा चाललीय. रंगूबाई दोन कोसांवर सासरी गेली तर हे बोलणं तिच्या आधी तिथं पोचलेलं. भाकरी करपली तरी सासू म्हणायची, काठीचोराची लेक ती, तिचं ध्यान कुठनं असायचं! आता करपल्या भाकरीचा आणि काठीचा काय संबंध, पण सासूला कोण विचारणार?

एकदाच, फक्त एकदाच, रंगूबाईनं बापाला विचारलं होतं, "बा, ही काठी कुणाची?"

"माझी हाय," ज्ञानू म्हणाला, आणि दोन दिवस लेकीशी बोलला नाही. तिच्या मनातला किंतू काही गेला नाही. बाप गेला तरी गेला नाही.

चौऱ्याहत्तर साली बापाचं वर्षश्राद्ध झालं आणि धाकटा भाऊ जालिंदर, पलटणीतून हवालदार होऊन नुकताच पेन्शनीत आलेला, त्यानं खोळ सोडली.

"आक्का, आफिसर मेसमधी बघितलीया मी असली. बिलियर्डची काठी हाय. जुनी विलायती अन् धड असंल, तर आमचा कर्नल एका म्हशीची किंमत दील बघ."

"आन चोरीची असंल तर?" रंगूबाईनं विचारलं.

जालिंदरनं खोळीची गाठ पुन्हा बांधायला घेतली.

"तर किष्णामाईत सोडीन मी," रंगूबाई म्हणाली. "पर एकदा मला कळू दे रं बाबा. चाळिशी सरली माझी. बापाचं नाव घेताना मान खाली घालून कटाळले."

काठीच्या बुडाला हाडाचं एक नाजूक पान बसवलेलं होतं. तसलं पान जालिंदरनं सतारीवर पाहिलं होतं. म्हणून दुसऱ्याच दिवशी भावंडं एस्टीनं मिरजेला गेली आणि विचारत विचारत सतारी बनवणाऱ्या दस्तगीरभाईंच्या दुकानात पोचली. पंचेचाळिशीचे दस्तगीरभाई भोपळ्याला रंग देत बसले होते. त्यांनी हात पुसले, काठी मांडीवर घेतली आणि नखानं टोकापासून बुडापर्यंत टिचक्या मारत गेले. मध्येच थांबले. जिथं वर्षानुवर्षांच्या हळदकुंकवाचा थर बसला होता, ती जागा त्यांनी ओल्या फडक्यानं पुसली. खाली माशाच्या शेपटीसारखा जोड निघाला.

"वरचं लाकूड विलायती हाय," ते म्हणाले. "खालचं तुणाचं. आमी सतारीला वापरतो त्ये. आन हे पान माझ्या वडिलांच्या हातचं."

त्यांनी भिंतीवरचा जुना तंबोरा खाली काढला. त्यावर तेच पान, तीच वळणदार शीर.

"वडील सांगायचे, वाद्य सोडून दुसरी वस्तू आयुष्यात एकदाच जोडली. महाबळेश्वरच्या मार्करची, चव्वेचाळीस साली. साहेब हरला, रागानं काठी गुडघ्यावर मोडून कचऱ्यात टाकली. ह्या माणसानं वरचा तुकडा उचलला. बुडाचा तर चुराच झालेला. चार म्हैने राबून, पैसं जमवून त्यानं खालचा भाग करून घेतला. वडलांनी पान मात्र आपल्या खुशीनं बसवलं, म्हणाले, एवढा जीव लावणारा माणूस परत भेटायचा न्हाई."

"म्हंजी क्लबात हरवली ती..." रंगूबाईनं जोडावर बोट ठेवलं.

"ती धड होती ना? त्यांच्या हातात ही धड कवाच नव्हती, आक्का," दस्तगीरभाई म्हणाले.

जालिंदरनं हळूच विचारलं, "भाई, मग बाजारात किंमत?"

"जोडलेल्या काठीला कोण इचारतो? काय न्हाई."

रंगूबाई दुकानाच्या पायरीवरच बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. बापानं जोडाच्या जागीच हळदकुंकू लावलं होतं. सारं तिथंच होतं, तिच्या डोळ्यांसमोर, आणि तिनं त्यालाच चोर ठरवून विचारलं होतं. "बा म्हणला हुता, माझी हाय. मी इचारायलाच नको हुतं." मग तिनं दस्तगीरभाईंना वाकून नमस्कार केला. "लय उपकार झालं, भाई. तुमचं आन तुमच्या वडलांचं."

जालिंदरनं म्हशीचा विषय पुन्हा काढला नाही. स्टँडवर आल्यावर एवढंच म्हणाला, "आक्का, तूच ने काठी. तूच लय सोसलंस."

त्या साली खंडेनवमीला रंगूबाईनं काठी सासरच्या ओसरीवर, अगदी रस्त्याकडेला मांडली. खोळ नाही, आडोसा नाही. जोडाच्या जागी हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. शेजारच्या राहीबाई पाणी घेऊन जाताना थबकल्या. मिरजेची बातमी अर्धीमुर्धी त्यांच्या कानावर आलेली.

"म्हंजी लय किमतीची निघाली म्हण की काठी?"

रंगूबाईनं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं.

"न्हाई वो," ती हसत म्हणाली, "काय सुदिक किंमत न्हाई. माझ्या बाची हाय."